राऊटरच्या ‘एरिया’ रकान्यात काय भरायचं?

८ जुलै २०२२ च्या पहाटे कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं कोसळलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, दुकानांतली कार्डयंत्रं थांबली, अनेकांना तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांकही लागेना. कुठे घातपात झाला नव्हता, केबलही तुटली नव्हती. जाळ्याची सुधारणा चालू असताना काही राऊटरांवरची एक गाळणी काढली गेली होती. ती अडवत असलेली मार्गांची अफाट माहिती गाभ्यातल्या राऊटरांवर जाऊन आदळली, त्यांची क्षमता संपली आणि ते बंद पडले.

एका राऊटरला कळलेली गोष्ट जाळ्यात कुठपर्यंत पसरू द्यायची, हा त्या घटनेतला मूळ प्रश्न. आकार सोडला तर तोच प्रश्न पणजीतल्या क्रेडिट सोसायटीत, वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा म्हापशाच्या केबलवाल्याकडे राऊटर बसवणाऱ्यासमोरही असतो. राऊटरांनी आपसांत वाटा ठरवायची ओएसपीएफ ही पद्धत भरताना पडद्यावर तो एका छोट्या रकान्याच्या रूपात दिसतो: ‘एरिया’. बहुतेक जण तिथे शून्य टाकतात, जोडणी सुरू होते आणि पुन्हा त्या रकान्याकडे कोणी बघत नाही. जाळं लहान असेपर्यंत ते बरोबरही असतं. जाळं वाढायला लागलं की काय करायचं, ते इथे सांगतो.

राऊटर वाट कशी शोधतो

आलेल्या पाकिटावरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचायचा आणि ते कोणत्या तारेवरून पुढे धाडायचं ते ठरवायचं, एवढंच राऊटरचं काम. दोन-चार कार्यालयं असतील तर या वाटा हाताने लिहून ठेवता येतात. शाखा वाढल्या, काहींना दोन-दोन जोडण्या आल्या, की ते पुरत नाही. रात्री अकराला म्हापशाची केबल तुटली तर कोणी उठून बसायची वाट न बघता राऊटरने दुसरा मार्ग धरला पाहिजे. म्हणून राऊटर आपसांत बोलून वाटा ठरवतात आणि परिस्थिती पालटली की त्या बदलतात. याला डायनॅमिक राऊटिंग म्हणतात.

जुन्या ‘रिप’ पद्धतीत प्रत्येक राऊटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपली यादी ऐकवत असे: अमुक जाळं माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. शेजारी त्यात एक मिळवून पुढे सांगे. १५ टप्प्यांपलीकडचं सगळं दुर्गम मानलं जाई. ऐकीव माहितीवर चालणारी पद्धत असल्याने तुटलेल्या वाटेची बातमी बराच वेळ चुकीची फिरत राहू शके.

ओएसपीएफ, म्हणजे ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट, वेगळ्या रीतीने चालते. तिची पहिली आवृत्ती १९८९ ची. आज आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीच्या, चौथ्या आवृत्तीसाठी वापरतात ती जॉन मॉय यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या ‘आरएफसी २३२८’ या दस्तऐवजात आहे. इथे प्रत्येक राऊटर फक्त स्वतःला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो: माझे शेजारी कोण आणि त्या जोडणीची किंमत (पैसे नव्हेत, ती वाट किती महाग धरायची तो आकडा) किती. ही नोंद जशीच्या तशी सगळ्यांकडे पोहोचते. सगळ्या नोंदी जुळवल्या की प्रत्येकाकडे जाळ्याचा एकच नकाशा तयार होतो आणि त्यावरून प्रत्येक राऊटर आपल्यासाठी सर्वांत स्वस्त वाट काढतो.

वाट काढण्याचं गणित एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचं. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, हा प्रश्न घेऊन १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीविना, सुमारे २० मिनिटांत ते सुचल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. १९५९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज तुमच्या कार्यालयातल्या कपाटातला राऊटर तेच गणित करतो आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मग अडचण कुठे येते?

सगळ्यांकडे पूर्ण नकाशा असणं हीच या पद्धतीची ताकद. जाळं मोठं झालं की त्याचाच भार होतो. पावसाळ्यात पेडण्यातल्या एका शाखेची जोडणी तासभर येत-जात राहिली तर दर खेपेला नवी नोंद निघते, काणकोणपर्यंतच्या प्रत्येक राऊटरकडे जाते आणि प्रत्येक जण नकाशाचं गणित पुन्हा मांडतो. काणकोणच्या राऊटरला त्या बातमीचा काहीच उपयोग नसतो. पेडण्याची जोडणी चालू असो वा बंद, त्याची बाहेर पडायची वाट मडगावावरूनच जाते.

टपाल खात्याने असाच प्रश्न १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आणून सोडवला. पणजी ४०३००१, म्हापसा ४०३५०७, फोंडा ४०३४०१, मडगाव ४०३६०१. नागपुरात पत्रांची छाननी करणाऱ्याला म्हापशाची गल्ली माहीत असावी लागत नाही. पहिले तीन आकडे ४०३ दिसले की टपाल गोव्याकडे. पुढचे तीन आकडे गोव्यात पोहोचल्यावर वाचले जातात, आणि घर शोधणं हे म्हापशाच्या पोस्टमनचं काम. म्हापशात रस्ता खणलेला असला तरी नागपूरच्या छाननीत काही बदल होत नाही.

ओएसपीएफमधला एरिया हेच करतो. जाळ्याचे भाग पाडायचे. भागाच्या आत सगळ्यांना पूर्ण नकाशा. बाहेरच्यांना फक्त ‘हे पत्ते या बाजूला आहेत’ एवढीच बातमी. ती देणारा राऊटर दोन भागांच्या सीमेवर उभा असतो, त्याला आपण सीमेवरचा राऊटर म्हणू.

इथे एक बारकावा नीट ध्यानात घ्यावा. एरिया राऊटरचा नसतो, राऊटरच्या प्रत्येक जोडणीचा असतो. सीमा तारेच्या मधून जात नाही, राऊटरच्या पोटातून जाते. सीमेवरच्या राऊटरची एक तार या एरियात, दुसरी त्या एरियात. तारेच्या एका टोकाला एरिया १ आणि दुसऱ्या टोकाला एरिया २ लिहिला तर ते दोन राऊटर एकमेकांना शेजारी म्हणून स्वीकारणारच नाहीत.

शून्य क्रमांकाचा एरिया वेगळा का?

एरियांना कोणतेही क्रमांक देता येतात, पण शून्य हा राखीव आहे. तो जाळ्याचा कणा, आणि बाकी प्रत्येक एरिया त्याला जोडलेला असावा लागतो. एरिया १ मधून एरिया २ मध्ये जाणारं पाकीट शून्यातूनच जातं.

ही सक्ती अनेकांना अकारण वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. एरियाच्या आत नकाशा असतो, त्यामुळे वाट फिरून त्याच जागी येत नाही ना, हे तपासता येतं. एरियाच्या बाहेरचं मात्र फक्त ‘इतक्या किमतीत पोहोचतं’ एवढंच कळतं. म्हणजे सीमेपलीकडे आपण पुन्हा रिपसारख्या ऐकीव माहितीवर आलो. ती माहिती एरिया १ कडून २ ला, २ कडून ३ ला आणि ३ कडून परत १ ला गेली, तर पाकिटं गोल फिरत राहतील. म्हणून नियम असा केला की कण्याला जोडलेल्या सीमेवरच्या राऊटरने दुसऱ्या एरियांबद्दलची बातमी फक्त शून्यातून आलेलीच धरायची. सगळे एरिया एकाच मध्याला जोडलेले असले की फेरा तयार होत नाही.

एखादा एरिया शून्याला थेट भिडत नसेल तर मधल्या एरियातून ‘व्हर्च्युअल लिंक’, म्हणजे शून्यापर्यंतची आभासी जोडणी, टाकता येते. दोन संस्थांचं विलीनीकरण झालं आणि जाळी घाईत जोडायची असतील तर ती उपयोगी पडते. कायमची सोय म्हणून ती ठेवू नये, हे माझं ठाम मत. दोन वर्षांनी ती का टाकली होती हे कोणाला आठवत नाही आणि मधल्या एरियात कोणी बदल केला की दूरचा एरिया तुटतो.

आधी पत्ते, मग एरिया

समजा, एका क्रेडिट सोसायटीचं मुख्य कार्यालय पणजीत आहे आणि शाखा गोवाभर. म्हापसा, फोंडा आणि मडगाव इथे मोठी कार्यालयं, त्यांच्या पुढे लहान शाखा. कागदावर एरिया पाडणं सोपं आहे: पणजी आणि ही तीन ठिकाणं जोडणारा कणा म्हणजे शून्य, म्हापशाच्या पुढे बारदेश आणि पेडणे मिळून एरिया १, मडगावच्या पुढे सासष्टी, केपे, सांगे, काणकोण मिळून एरिया २, फोंड्याच्या पुढे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा मिळून एरिया ३.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि एरिया पाडूनही फारसा फायदा होत नाही. कारण पत्ते शाखा उघडल्या त्या क्रमाने दिलेले असतात. पणजी १०.०.१, मडगाव १०.०.२, म्हापसा १०.०.३, काणकोण १०.०.४, पेडणे १०.०.५. म्हापशाच्या सीमेवरच्या राऊटरला ‘माझ्या बाजूला हे सगळे पत्ते’ असं एका ओळीत सांगताच येत नाही. तो प्रत्येक शाखेची ओळ वेगळी सांगतो. पेडण्याची शाखा गेली की तिची ओळ मागे घेतो, आली की पुन्हा देतो, आणि ही ये-जा काणकोणपर्यंत पोहोचते. तिथल्या राऊटरला पूर्ण नकाशाचं गणित करावं लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

पिनकोड चालतो, कारण ४०३ ने सुरू होणारे सगळे पत्ते गोव्यातच आहेत. ते देशभर विखुरलेले असते तर नागपूरला पुन्हा गल्लीबोळांची यादी ठेवावी लागली असती. म्हणून एरिया १ मधल्या प्रत्येक शाखेला १०.१ ने सुरू होणारा पत्ता द्यायचा, एरिया २ ला १०.२, एरिया ३ ला १०.३ आणि कण्याला १०.०. मग म्हापशाचा राऊटर बाहेर एकच ओळ सांगेल: १०.१ ने सुरू होणारं सगळं माझ्याकडे. पेडण्याची शाखा दिवसभर येत-जात राहिली तरी ती ओळ बदलत नाही.

चालू जाळ्यातले पत्ते बदलणं कष्टाचं आहे. छपाईयंत्रं, कॅमेरे, हजेरीची यंत्रं, सगळीकडे जुने आकडे भरलेले असतात. तरीही एका वेळी एक शाखा घेऊन ते काम करावं. पत्त्यांची फेररचना होईपर्यंत एरिया पाडायची घाई करू नये, कारण त्याआधी पाडलेले एरिया गुंतागुंत वाढवतात आणि बदल्यात फार थोडं देतात.

कण्याबद्दलही बोललं पाहिजे. पणजी ते मडगाव दोन जोडण्या घेतल्या आणि दोन्ही झुआरी पुलावरूनच गेल्या, तर त्या कागदावर दोन आणि प्रत्यक्षात एक. दुसरी फोंड्याहून बोरीमार्गे जाते ना, हे जोडणी देणाऱ्याकडून लेखी घ्यावं. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बारदेश यांच्यातली वाहतूक फेरीबोटींवर आली होती. नदीवर एकच वाट असण्याचा अर्थ गोव्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

राऊटरवर प्रत्यक्ष काय लिहायचं

खालच्या आज्ञा सिस्को या कंपनीच्या राऊटरांच्या पद्धतीने, म्हापशाच्या सीमेवरच्या राऊटरसाठी आहेत. मायक्रोटिक किंवा जुनिपर या कंपन्यांच्या राऊटरवर शब्द वेगळे, कल्पना हीच. इथे देवनागरीत दिल्या असल्या तरी राऊटरवर त्या रोमन लिपीतच टंकायच्या.

राऊटर ओएसपीएफ १
राऊटर-आयडी १०.२५५.१.१
नेटवर्क १०.०.०.० ०.०.२५५.२५५ एरिया ०
नेटवर्क १०.१.०.० ०.०.२५५.२५५ एरिया १
एरिया १ रेंज १०.१.०.० २५५.२५५.०.० कॉस्ट १००

पहिल्या ओळीतला १ म्हणजे एरिया नव्हे. तो या राऊटरपुरता कामाचा क्रमांक आहे आणि दुसऱ्या राऊटरवर वेगळा असला तरी बिघडत नाही. राऊटर-आयडी म्हणजे या राऊटरची ओळख, ती पूर्ण जाळ्यात एकमेव हवी. हाताने दिली नाही तर राऊटर स्वतःच्या पत्त्यांतून एक निवडतो, आणि पुढे पत्ते बदलले तर पुन्हा सुरू झाल्यावर ती बदलू शकते. नेटवर्कच्या ओळीतले उलटे आकडे असे वाचायचे: जिथे ० तिथे पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे, जिथे २५५ तिथे काहीही चालेल. थोडक्यात, १०.१ ने सुरू होणारी या राऊटरची प्रत्येक जोडणी एरिया १ मध्ये. काही कंपन्यांच्या पडद्यावर एरिया १ हा ०.०.०.१ असा दिसतो. दोन्ही एकच.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. वर सांगितलेला एका ओळीचा सारांश तिच्यामुळेच बाहेर जातो. ती फक्त सीमेवरच्या राऊटरवर लिहायची असते.

तिच्या टोकाला ‘कॉस्ट १००’ का? आरएफसी २३२८ प्रमाणे सारांशाची किंमत म्हणजे त्यात येणाऱ्या जाळ्यांपैकी सर्वांत दूरच्या जाळ्याची किंमत. ते सर्वांत दूरचं जाळं नेमकं पेडण्याचं असेल, तर ते गेल्यावर सारांश कायम राहतो, पण त्याची किंमत बदलते, आणि ती बदललेली किंमत पुन्हा सगळीकडे सांगितली जाते. किंमत ठरवून दिली की हेही थांबतं. हा तपशील ठाऊक नसल्यामुळे ‘रेंज टाकली तरी हालचाल दिसतेच’ म्हणून हैराण झालेली माणसं मी पाहिली आहेत.

ज्या जोडणीवर फक्त कर्मचाऱ्यांचे संगणक आहेत ती ‘पॅसिव्ह’ करावी. तिचा पत्ता सांगितला जातो, पण तिथून कोणी राऊटर म्हणून हॅलो (शेजारी ओळखण्याचा संदेश) केलं तर दाद मिळत नाही. राऊटरांमधल्या जोडण्यांवर सांकेतिक शब्दाची तपासणीही लावावी.

सारांशामुळे काही बिघडत नाही का?

बिघडू शकतं. बाहेरच्यांना तपशील माहीत नसल्याने ते बंद शाखेसाठीही पाकिटं म्हापशापर्यंत पाठवत राहतात आणि म्हापशाचा राऊटर ती टाकून देतो. यात नुकसान नाही, पाकीट तसंही पोहोचणार नव्हतं.

खरा धोका सीमेवर दोन राऊटर ठेवल्यावर येतो. दोन्ही बाहेर सांगतात की १०.१ चं सगळं माझ्याकडे. एरिया १ आतून दुभंगला आणि अर्ध्या शाखा एका राऊटरकडे, अर्ध्या दुसऱ्याकडे राहिल्या, तरी दोघांचं सांगणं तेच राहतं. पाकीट चुकीच्या राऊटरकडे गेलं की तिथेच संपतं. तार शाबूत, शाखा चालू, तरी काही पाकिटं पोहोचतात आणि काही नाही, असा चमत्कारिक दोष दिसतो. उपाय स्वस्त आहे: सीमेवरच्या दोन राऊटरांमध्ये एरिया १ मधलीच एक थेट जोडणी द्यायची.

टोकाच्या शाखांना किती कळलं पाहिजे?

काणकोणच्या लहान राऊटरला बाहेरच्या जगाची कोणतीच यादी लागत नाही. ‘माहीत नसलेलं सगळं मडगावला पाठव’ एवढं पुरतं. त्यासाठी एरिया २ ‘स्टब’ करता येतो. ओएसपीएफच्या बाहेरून, म्हणजे इंटरनेट किंवा भागीदार संस्थेकडून आलेले मार्ग मग आत येत नाहीत. मडगावच्या सीमेवरच्या राऊटरवर ‘एरिया २ स्टब नो-समरी’ लिहिलं तर बाकीच्या एरियांची यादीही थांबते. आतल्या राऊटरांवर नुसतं ‘एरिया २ स्टब’. हा शब्द एरियातल्या प्रत्येक राऊटरवर हवा. एकावर राहिला तर तो शेजाऱ्यांपासून तुटतो.

कुडचड्याच्या शाखेला बाहेरच्या एखाद्या संस्थेची वेगळी जोडणी असेल आणि तिचे मार्ग आत घ्यायचे असतील तर स्टब चालत नाही. तिथे ‘एनएसएसए’, म्हणजे असे बाहेरचे मार्ग आत घेऊ देणारा स्टबचा प्रकार, वापरायचा.

आजचे राऊटर इतके ताकदवान, मग हा खटाटोप कशाला?

हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. जुन्या मार्गदर्शिकांत एका एरियात ५० पेक्षा जास्त राऊटर नकोत असं लिहिलेलं असे. आजचे राऊटर त्याच्या कित्येक पट सहज पेलतात. दहा-पंधरा शाखा आणि स्थिर केबल असेल तर सगळं शून्यात ठेवा आणि निश्चिंत राहा.

पण एरियाचा उपयोग गणिताचा वेळ वाचवण्यापुरता नाही. एका ठिकाणच्या चुकीची व्याप्ती त्याने मर्यादित राहते. डिचोलीत कोणी चुकून भलता पत्ता जोडणीला दिला, तर सगळं शून्यात असताना तो क्षणात गोवाभर पसरतो. एरिया ३ मध्ये असेल आणि तो १०.३ मध्ये बसत असेल तर सारांशाआड राहतो. बसत नसेल तर सीमेवर गाळणी लावून अडवता येतो. रॉजर्सच्या बाबतीत नेमकी अशी गाळणीच निघाली होती.

सगळं लिहिलं, तरी शेजारी ओळख देत नाहीत

दोन्ही टोकांना एरिया, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग जाळ्याचा ते सांगणारा आकडा), हॅलोची वेळ, स्टबचा शब्द आणि सांकेतिक शब्द एकसारखे आहेत ना, ते बघा. हॅलो साधारणपणे दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी गेला असं धरलं जातं. एकीकडे हे आकडे बदलले आणि दुसरीकडे विसरले, असं पुष्कळदा होतं. शेजारी दिसतो पण ‘एक्सस्टार्ट’ या ओळखीच्या मधल्या पायरीवरच अडकतो, तेव्हा दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, वेगळा असण्याची शक्यता मोठी.

जोडणी झाली पण वाट विचित्र निवडली जाते, असं असेल तर किमती तपासा. सिस्कोवर मूळ हिशेब १०० एमबीपीएसला १ असा धरलेला आहे, त्यामुळे १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्ही तारा सारख्याच मोलाच्या ठरतात. हिशेबाचा हा आधार वाढवता येतो, मात्र तो सगळ्या राऊटरांवर एकच ठेवायचा.

बदल करण्याआधी आणि नंतर

एरिया बदलला की जोडणी काही सेकंद तुटते, म्हणून काम कार्यालय सुटल्यावर करावं. आधी दूरचं टोक बदलायचं, मग जवळचं. उलट केलं तर दूरच्या राऊटरपर्यंत आपणच पोहोचू शकत नाही आणि रात्री काणकोण गाठावं लागतं. रॉजर्सच्या अभियंत्यांना बिघाड शोधायला फार वेळ लागला, याचं एक कारण हे की राऊटर सांभाळण्यासाठीचा त्यांचा मार्गही त्याच कोसळलेल्या जाळ्यातून जात होता. आपल्याकडे मोठ्या शाखेत दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक छोटा मोडेम राऊटरच्या कन्सोलला, म्हणजे थेट आज्ञा द्यायच्या खाचेला, जोडून ठेवला तरी भागतं.

काम झाल्यावर शेजारी ‘फुल’, म्हणजे ओळख पूर्ण झालेले, दिसतात ना ते बघा, आणि मार्गांच्या यादीत दुसऱ्या एरियांचे मार्ग ‘ओ आयए’ या खुणेने आले आहेत ना तेही. मग खरी परीक्षा घ्या. एरिया ३ मधल्या एखाद्या शाखेच्या राऊटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ’ ही आज्ञा द्या. त्यात प्रत्येक एरियासाठी नकाशाचं गणित किती वेळा झालं तो आकडा असतो. तो टिपून घ्या, सोबत १०.१ च्या सारांशाच्या नोंदीचा अनुक्रमांकही. आता पेडण्याच्या शाखेला कळवून तिची तार पाच मिनिटं काढा आणि परत लावा. डिचोलीच्या किंवा वाळपईच्या राऊटरवर हे दोन्ही आकडे तेच राहिले पाहिजेत. सारांशाचा अनुक्रमांक हलला, तर म्हापशाच्या राऊटरवरची रेंजची ओळ आणि तिची कॉस्ट पुन्हा तपासा. सारांशाची नोंद दर अर्ध्या तासाने नेमाने ताजी होते आणि तेव्हा अनुक्रमांक एकाने वाढतो, म्हणून चाचणी आणि तपासणी त्या वेळेच्या आत उरका.